आधी आप्पा चाखायचे

पास आणि नापास

शेंद्र्याच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग तयार होतात, ते गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचे. नीट बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. मधलं काही नसतं. हे काम मला आवडतं, कारण माझा स्वभावही तसाच. लग्नाच्या पंगतीत वरणाला मीठ कमी पडलं तर पहिला आवाज माझा. वहिनी थट्टा करायच्या, "भावजी, तुमाला पोरगी बघायची म्हंजे आधी तिला कंपनीतून पास करून आणावं लागंल."

हे आधी सांगून ठेवतो, कारण माझ्या आजाराबद्दल कळलं की लोक म्हणतात, "साधा माणूस, डोक्यावर परिणाम झाला." मी साधा नव्हतो. डोळ्यांत तेल घालून बघणारा होतो, आणि आजारानं माझ्या नेमक्या त्याच गुणाला हाताशी धरलं.

चिकलठाण्यात भाड्याच्या घरात आम्ही राहतो. मोठा भाऊ किसन, त्याला मी दादा म्हणतो. वहिनी, त्यांची लहान मुलगी पिंकी, आणि आमचे वडील, आप्पा. आप्पांचं आयुष्य सिल्लोडच्या बाजूला मेंढरांमागं गेलं. गुडघे गेले तेव्हा कळप चुलत्यांकडं सोपवून ते शहरात आले. आई आम्ही लहान असतानाच गेली. म्हणजे घरात माझ्या ताटात पडणारा घास हा वहिनींच्या हातचा, हे आधी ध्यानात घ्या.

कडू भाजी

कंपनीत मालाची घाई होती आणि मी एक मोठा लॉट अडवला. सुपरवायझरशी वाजलं. बरोबर मीच होतो, पण त्यानंतर झोप उडाली ती उडालीच. चार माणसं चहा पिताना हसली की वाटायचं, मलाच हसली. मग कँटीनचा चहा कडवट लागायला लागला. मी चहा सोडला. मग डब्यातली भाजी कडू लागली.

इथून पुढं माझं डोकं फार झपाट्यानं चाललं. कंपनीतल्या लोकांना मला घालवायचंय. उघड काढता येत नाही, म्हणून घरातलं माणूस फोडलंय. मी खोलीत गेलो की वहिनी फोनवरचं बोलणं थांबवतात. मसाल्याची बरणी बदलली आहे. जेवण झालं की माझं डोकं जड होतं. माझ्या ताटातली पालेभाजी इतरांपेक्षा काळपट आहे. एकदा खात्री झाली की पुरावे शोधावे लागत नाहीत, ते स्वतःच दारात येऊन उभे राहतात.

कुणी असं समजू नये की मला यात काही गंमत वाटत होती. ज्या बाईनं धाकट्या भावासारखं सांभाळलं, तीच मला थोडंथोडं मारतेय, या खात्रीनं मी आतून सोलून निघत होतो. भूक लागायची, ताट समोर असायचं, आणि हात उचलवायचा नाही.

दादानं समजावून बघितलं, मग ओरडून बघितलं. "आरं, तिला काय मिळणार तुला मारून? तुझ्याकडं हाय काय?" तो जितका ओरडायचा तितका मला प्रश्न पडायचा, की हा तिची बाजू इतकी का घेतोय.

म्हातारी मेंढी

मग आप्पांनी त्यांच्या धंद्यातली युक्ती काढली. नव्या रानात गेलं आणि पाणवठा अनोळखी असला, तर आप्पा सगळा कळप पाण्यावर सोडत नसत. आधी एक म्हातारी मेंढी पुढं करायची. ती प्याली, थोडा वेळ धड राहिली, की मग बाकीच्यांना मोकळीक.

एके दिवशी मी ताट सारलं तेव्हा आप्पांनी ते स्वतःकडं ओढलं. "दे हिकडं. आधी म्या खातो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. मांडी थोपटत बसून राहिले. मग म्हणाले, "बघ. झालं का काय? खा आता." आणि मी खरोखर खाल्लं. पोटभर खाल्लं. वहिनींनी पदरानं डोळे पुसले. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो बाबा.

त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाला आधी आप्पा चाखायचे. आज मागं वळून बघितलं की वाटतं, मला इतकं प्रेमानं कुणी कधी खाऊ घातलं नाही आणि इतकं नुकसानही कुणी केलं नाही. कारण काही दिवसांत माझ्या डोक्यानं सरळ हिशेब मांडला. विष नसेल, तर म्हातारा माणूस रोज जीव धोक्यात घालून चाखतो कशाला? म्हणजे त्यांनाही संशय आहे. मग पुढचा हिशेब, की ते एक घास खातात म्हणून त्यांना काही होत नाही. मी म्हटलं, दोन खा. मग अर्धं ताट खा. आप्पांना शुगर आहे. माझ्यासाठी ते स्वतःचं जेवण जेवून वर माझंही जेवत होते.

एक दिवस त्यांना उलटी झाली. डॉक्टर असता तर म्हणाला असता, या वयात इतकं खाल्ल्यावर दुसरं काय होणार. मी मात्र भिंतीला टेकून उभा राहून बघत होतो. आता शंका उरलीच नव्हती.

ती दुपार

दादा ड्यूटीवर होता, पिंकी शाळेत. मी स्वयंपाकघरात गेलो, दार लावून घेतलं, माझ्यासाठी वाढलेलं ताट वहिनींच्या पुढं ठेवलं आणि म्हणालो, "खा."

वहिनींशी मी जन्मात एकेरी बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या ताटापुढं बसल्या. आप्पा बाहेरून दार वाजवत होते, "नवनाथ, आरं दार काढ, लेकरा." मी वहिनींच्या समोर उकिडवा बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्या घास तोंडात घालायच्या, तो उतरायचा नाही, मग पाण्याचा घोट घेऊन ढकलायच्या. मी त्यांच्या अंगाला हात लावला नाही, हे मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो. लावायची गरजच नव्हती.

त्यांनी अख्खं ताट संपवलं. मी वाट बघत राहिलो. त्यांना काही झालं नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख आलं, हिनं सकाळीच विषावर उतारा घेतलेला असणार.

ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी मेल्यावर तरी पटंल का तुमाला?"

मी दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे भाऊ सिल्लोडहून आले आणि त्यांना व पिंकीला घेऊन गेले. जाताना थोरला भाऊ दादाला म्हणाला, "दाजी, तुमचा भाऊ आजारी असंल, आमी समजून घेऊ. पण भावकीत लोकं बोलायलेत, की बिना आगीचा धूर निघत नसतो. आमची बहीण इख घालणारी ठरू द्यायची न्हाय आमाला." दादाचा संसार माझ्या एका खात्रीवर येऊन टेकला होता, आणि मला त्याच दिवसापासून मेसच्या डब्याचं जेवण थोडं गोड लागत होतं. हेही खरं आहे म्हणून लिहितो.

खरं बोलणारा पहिला माणूस

मला दवाखान्यात नेलं ते आप्पांची शुगर दाखवायची असं सांगून. नंबर आला, आत गेलो, आणि डॉक्टरांनी आप्पांना बाजूला बसवून मला समोरची खुर्ची दिली.

"नवनाथ, तुम्हाला दुसऱ्याचं नाव सांगून इथं आणलंय. ते बरोबर झालं नाही. पेशंट तुम्ही आहात."

मी उठलोच. दादा दारात आडवा आला. डॉक्टर म्हणाले, "त्यांना उभं राहू द्या. राग येणारच." मग त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, औषधं आहेत, आणि काही दिवस भरती व्हावं असा त्यांचा सल्ला आहे. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, मी ते इथं लिहीत नाही, कारण लोक नाव वाचतात आणि माणूस वाचायचा सोडून देतात.

मी भरती का झालो? बरं व्हायचं होतं म्हणून नाही. इतक्या दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा कुणीतरी लपवाछपवी न करता बोललं होतं, आणि वहिनी परत आल्या तरी तिथं त्यांच्या हातचं खावं लागणार नव्हतं.

सालीच्या आतलं

वॉर्डात मी फक्त केळी, भुईमुगाच्या शेंगा आणि उकडलेली अंडी खायचो. सालीच्या आत कोण काय घालणार? गोळीचा प्रश्न अवघड होता. वाटीत सुटी टाकून आणलेली गोळी मी थुंकून टाकली. सकाळच्या सिस्टरनं दुसऱ्या वेळी अख्खी पट्टी आणली आणि माझ्या हातात दिली. "तुमीच काढा." मी पट्टी उलटीसुलटी करून तपासली, माझ्या सवयीप्रमाणं, आणि गोळी काढून घेतली. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. माझ्याशी वाद घालायला तिला वेळ नव्हता म्हणून असेल, पण तिनं वाद घातला नाही.

शेजारच्या खाटेवर एक चाचा होते. गुलमंडीपासून पैठण गेटापर्यंत भर शहरातली सगळी जमीन आपली आहे, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यावरची दुकानं, वरची घरं, सगळं. मला हसू आवरायचं नाही. एवढा शहाणा दिसणारा माणूस, आणि असं कसं मानतो?

आमच्या वॉर्डात समुपदेशनाला एक मॅडम यायच्या. त्या चाचांजवळ बसल्या तेव्हा मी कान टवकारले. आता या म्हाताऱ्याला खरं काय ते सुनावतात, असं वाटलं. त्या म्हणाल्या, "चाचा, इतकी मोठी जमीन म्हणजे केवढी काळजी."

चाचांचा चेहराच बदलला. "हौ बेटी. रातभर नींद नै आती. कोई कब्जा कर लिया तो? मेरे बाद कौन देखेगा? बच्चे तो पूछते बी नै."

मग ते बराच वेळ मुलांबद्दल बोलले. जमीन बाजूलाच राहिली. मॅडमनी जमीन तुमची आहे असंही म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. चाचांची खात्री आणि माझी खात्री वजनाला सारखीच आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि मी ते लगेच मनातून काढून टाकलं.

"मला माहीत नाही"

माझी पाळी आली तेव्हा मी मॅडमना गेजमध्येच घातलं. "आधी एवढंच सांगा. वहिनीनं इख घातलं का न्हाय?"

"मला माहीत नाही. मी तुमच्या घरी नव्हते."

"म्हंजे तुमी बी मला येडा समजता."

"नाही समजत. आणि विष घातलं असंही मी म्हणत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं, तर पुढं माझं एकही बोलणं तुम्ही खरं धरू नये."

मला भांडायचं होतं आणि समोरून भांडायला कुणी येत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पहिला घास हातात घेतल्यावर काय होतं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. विष आहे का नाही, यावर घरात रोज पंचायत बसायची. माझं काय होतं हे कुणाला नको होतं. मी सांगायला लागलो. गळा आवळतो. कानात रक्ताचा आवाज येतो. समोर बसलेली सगळी माणसं लांब गेल्यासारखी वाटतात. सांगता सांगता मी लहान पोरासारखा रडलो. त्यांनी पाण्याची बंद बाटली माझ्याकडं सरकवली.

त्या दर वेळी विचारायच्या, खात्री किती आहे, शंभरातली किती. मला टक्केवारीचा वैताग आला. म्हटलं, "मॅडम, भाकरीत सांगतो. अख्खी भाकर." त्या हसल्या आणि पुढं भाकरीतच विचारू लागल्या. गोळ्यांनी झोप परत आली, डोक्यातली घाई उतरली, पण भाकर अख्खीच होती. मग एका दिवशी माझ्या तोंडून गेलं, "चतकोर कमी." दादा असता तर त्यानं पेढे वाटले असते. मॅडमनी फक्त विचारलं, "त्या चतकोरात काय आहे?" मी म्हटलं, "माहीत न्हाय." त्या म्हणाल्या, "ठीक आहे."

सगळ्यात वाईट दिवस त्यानंतरचा. त्या माझ्या कामाबद्दल विचारत होत्या. गेज बरोबर आहे हे कसं कळतं? मी उत्साहानं सांगितलं, की ठरावीक मुदतीनं ते तपासतात, पक्क्या मापाचा तुकडा लावून बघतात. गेज झिजतं, मग चांगला मालही नापास व्हायला लागतो.

"झिजलेलं गेज वापरणाऱ्याला कळतं का?"

"न्हाय. त्याला मालच खराब दिसतो."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोललो. ओरडलो त्यांच्यावर. "मला फसवून बोलायला लावता का?" खुर्ची मागं पडली. वॉर्डबॉय धावत आला, मॅडमनी त्याला हातानं थांबवलं. "राग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आज इथंच थांबू."

लोकांना वाटतं, चूक उमगली की माणूस हलका होतो. वहिनींनी विष घातलं नसेल, तर त्या दुपारी मी काय केलं होतं? विषाची खात्री माझ्या बाजूनं होती. ती सुटली तर माझ्या बाजूला काहीच उरत नव्हतं. पुढचे काही दिवस मी मुद्दाम नवे पुरावे शोधले. सापडले नाहीत, म्हणजे पूर्वीइतके चांगले सापडले नाहीत.

आप्पांनी हात बांधले

म्हाताऱ्या मेंढीची गोष्ट मी मॅडमना सांगितली होती. घरी सोडायच्या आधी त्यांनी आप्पांना बोलावलं. चाखणं बंद करायचं होतं. आप्पा ऐकेनात. "लेकरू उपाशी ऱ्हाईल. माझं काय, म्या पिकलं पान."

"आप्पा, तुमची मेंढी पाणी प्याली की कळप किती दिवस शंका काढायचा?"

"कळप कशाला शंका काढंल? एकदा प्याला की प्याला."

"नवनाथ मात्र प्रत्येक ताटाला नव्यानं मागतो. तसं का होत असेल?"

आप्पांनी टोपी काढून हातात फिरवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मेंढराला कळत न्हाय, म्हातारी म्होरं का सोडली. ह्याला कळतंय."

घरी गेलो त्या संध्याकाळी मेसचा डबा आला, वहिनी अजून माहेरीच होत्या. मी पोळी मोडली. आप्पा समोर मांडी घालून बसले होते आणि दोन्ही हात काखेत आवळून धरले होते, म्हणजे चुकून पुढं जाऊ नयेत. गळा आवळला. कानात आवाज सुरू झाला. मी आप्पांकडं बघितलं, त्यांनी मान खाली घातली. मी घास तोंडात घातला आणि चावत राहिलो, गिळायला धीर होईना. गिळला. मग दुसरा. भीती तसूभर कमी झाली नाही, तिच्यासकट जेवलो. मला वाटायचं, आधी भीती जाईल आणि मग जेवता येईल. तसं होत नाही, निदान माझं झालं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं माणूस असेल तर एवढंच सांगतो. त्याच्याशी भांडू नका, आणि त्याच्या हो ला हो करून चाखूनही दाखवू नका. या दोन्हींच्या मधली जागा अरुंद आहे. आमच्या घरात ती कुणालाच सापडली नव्हती, म्हणून शिकलेल्या माणसाकडं जावं लागलं. आणि गोळ्या बंद करू नका. मी एकदा केल्या होत्या, आठवड्याभरात पालेभाजी पुन्हा काळपट दिसायला लागली.

वहिनी

दादा सिल्लोडला चार वेळा जाऊन आला, पाचव्यांदा वहिनी आल्या. मी कामावर परत लागलो होतो. आल्या दिवसापासून त्या स्वयंपाक करतात, सगळ्यांना वाढतात, मलाही वाढतात. मी खातो. अजून एखाद्या दिवशी घास अडतो, पण खातो. मला वाटलं, संपलं सगळं.

मग ध्यानात आलं की माझ्यासमोर त्या जेवत नाहीत. नंतर जेवते म्हणतात. मी बाहेर गेलो की जेवतात. चेहरा ओढल्यासारखा झाला होता. दादा म्हणायचा, "आता बरा झालाय की त्यो, आता काय भ्यायचं?" त्या मान हलवायच्या आणि तव्याकडं वळायच्या.

एका सुटीच्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. मी विचारलं, "वहिनी, माझी भीती वाटती का अजून?"

दादा लगेच म्हणाला, "न्हाय रं, कशाची भीती…"

"दादा, त्यांना बोलू दे."

वहिनींच्या हातात उलथनं होतं. "व्हय," त्या म्हणाल्या. "वाटती."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणाले चांगली प्रगती आहे, कामावर कुणाची तक्रार नाही, मी शपथ घेतो. मी ओठ मिटून घेतले आणि थांबलो. वहिनी हळूहळू बोलायला लागल्या. कुणी घासाकडं बघितलं की गिळवत नाही, माहेरी आईसमोरसुद्धा गिळवायचं नाही. पाण्याशिवाय घास उतरत नाही. दार लोटल्याचा आवाज आला की हातातलं पडतं. भाऊ म्हणतात विसर, नवरा म्हणतो विसर. "मी काय मुद्दाम ध्यानात ठिवलंय का, भावजी?" भाकरी तव्यावर करपली, ती कुणी काढली नाही. त्यांचं बोलून होईपर्यंत मी एकदाही 'पण' म्हटलं नाही.

शेवटी विचारलं, "मग मी काय करू?"

"तुमी बाहीरच्या खोलीत जेवा. मला जमंल तवा मी बोलावीन."

"बरं," म्हणालो आणि माझं ताट उचललं.

तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत जेवतो. आत त्यांचं, आप्पांचं, पिंकीचं जेवण चालू असतं, भांड्यांचा आवाज येतो. वहिनींनी अजून बोलावलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.